आरपार

हलक्या धनुष्यासाठी बाणाला रेझरहेड हे शिकारी टोक वापरायचं, तर त्याच्या खाचेत बसणारं ते आडवं, बारीक पातं ठेवावं की काढून टाकावं? गेले काही मोसम या एका प्रश्नानं माझी पाठ सोडलेली नाही. ५५ पाउंडांचं रिकर्व्ह धनुष्य ओढत होतो तोवर तो कधी पडला नाही. मग उजवा खांदा बोलायला लागला आणि मी ४५ वर आलो. तो आकडाही २८ इंच ओढणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. माझी ओढ २७ ची, म्हणजे प्रत्यक्षात बोटांवर ४३ पाउंडांच्या आसपास येतात. धनुष्यावर काय छापलंय हे कुणी विचारलं की मी अजूनही ४५ च सांगतो.

५२० ग्रेनचा बाण या धनुष्यातून सेकंदाला दीडशे फुटांच्या वेगानं सुटला, तर त्यात जेमतेम २६ फूट-पाउंड ऊर्जा असते. शेजारच्या झाडावर बसलेल्या कम्पाउंड धनुष्यवाल्याकडे सत्तरच्या वर असते. त्याच्या हातून एखादा फूट-पाउंड वाया गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. मला प्रत्येकाचा हिशोब ठेवावा लागतो, आणि तो हिशोब शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतो: बाण पलीकडून बाहेर पडला की नाही.

झाडावरून बाण सोडणाऱ्याला याचं मर्म वेगळं सांगायला नको. आत जाण्याचं भोक वर, पाठीच्या बाजूला पडतं. बाण आतच अडकला तर रक्त छातीच्या पोकळीत साठत राहतं आणि जमिनीवर थेंब पडत नाही. हरीण शे-सव्वाशे यार्डांवर मरून पडलेलं असतं आणि आपण ओक वृक्षांच्या लाल पानांत लाल ठिपके शोधत बसतो. बाण आरपार गेला तर खालचं भोक छातीच्या तळाशी उघडतं आणि माग आपोआप उमटत जातो.

मागल्या ऑक्टोबरात एक मादी पंधरा यार्डांवर आडवी उभी राहिली. आडवं पातं मी त्या बाणातून काढलेलं होतं. बाण फऱ्याच्या मागून शिरला आणि पलीकडच्या मातीत वीतभर रुतला. मादी चार उड्या मारून थांबली, मागे वळून पाहिलं, आणि पाय लटपटून तिथेच बसली. उतरून बाण उपटला तेव्हा पिसं मुळापासून टोकापर्यंत भिजलेली होती. पण पलीकडच्या कातडीवरची चीर बघायला वाकलो, तर ती ओठ मिटावेत तशी मिटलेली. दोन पात्यांचं हेच दुखणं आहे. ते सहज शिरतं, सहज निघतं, आणि कातडी ताणली जाऊन परत जागेवर येते. ती मादी नजरेसमोर पडली म्हणून माग काढावा लागला नाही. पाऊस असता आणि ती झाडीत शिरली असती तर त्या चिरेनं मला फारशी साथ दिली नसती.

आडवं पातं घातलं की चीर न राहता भोक होतं, आणि ते मिटत नाही. पण बरगडीवर तेच पातं अडतं, आणि माझ्याकडच्या २६ फूट-पाउंडांतून आपला वाटा काढून घेतं. फ्रेड बेअरनं १९५६ मध्ये हे रेझरहेड बाजारात आणलं, तेव्हा त्याचा कारखाना इथेच, मिशिगनमधल्या ग्रेलिंगला होता. पुढे १९७८ मध्ये तो फ्लोरिडाला गेला. माझ्या डब्यात जुनी रेझरहेड्स आहेत. त्यांतली आडवी पाती मी काढतो, पुन्हा बसवतो, पुन्हा काढतो.

तीन पात्यांचंही करून पाहिलं. सव्वा इंची व्यासात तिन्ही धारा मिळून जवळजवळ पावणेदोन-दोन इंच कापतात, आणि भोकही उघडं राहतं. कानशीवर सपाट ठेवून घासलं की एका वेळी दोन धारा लागतात, म्हणून आळशी माणसाला ते आवडतं. पण त्या धारेचा कोन ६० अंशांचा होतो. दोन पात्यांच्या धारेला मी दोन्ही बाजूंनी वीस-वीस अंश देतो. साठ अंशांच्या धारेनं दाढीचे केस निघतील, पण ओढ कमी असताना ती मांसातून जशी जायला हवी तशी जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

धारेवर माझं बरंच काही अडलेलं असतं. कानस, मग दगड, मग चामड्याचा पट्टा. पलीकडच्या बाजूला उठलेली लोखंडाची कोर नखाला लागेनाशी झाली की रबरबँड ताणून त्यावर धार टेकवतो. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. तेवढ्यानं रबर तुटलं नाही तर पुन्हा कानशीपासून सुरुवात. जुना धनुर्धर हॉवर्ड हिल कानशीची खरखरीत धारच ठेवायचा, आणि त्याचे भक्त आजही त्यावरून भांडतात. हिल फार जड धनुष्यं ओढायचा. त्याला ते शोभलं.

दुसरा पंथ डॉ. अॅश्बींचा. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात त्यांनी खऱ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या केल्या. लांबट, अरुंद, एकाच बाजूनं धार लावलेली दोन पाती आणि जड बाण, हा त्यांचा निष्कर्ष. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण ६५० ग्रेनचा त्यांचा उंबरठा जाड हाडांसाठी होता. आमच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठीही तोच वेदवाक्य मानून लोक पंधरा यार्डांवर उतरता बाण सोडतात. आणि लागल्यावर उघडणारी यांत्रिक ब्रॉडहेड टोकं? ती उघडायलाच ताकद खातात. हलक्या रिकर्व्हवर ती लावणाऱ्याला मी स्पष्ट शब्दांत सांगतो की हरणाचा विचार कर.

ताकद कमी पडते तेव्हा मला ईशी या मूळ अमेरिकन धनुर्धराची आठवण येते. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात तो एकटा समोर आला आणि डॉ. सॅक्स्टन पोपनं त्याच्याकडून धनुर्विद्या शिकली. काचेचे आणि ज्वालामुखीच्या काचदगडाचे तुकडे टवके उडवून तो बाणांची टोकं घडवायचा. त्याचं धनुष्य काही फार जड नव्हतं. त्याची ताकद जवळ जाण्यात होती. मीही वीस यार्डांवरून पंधरावर आलो. नियमाला पाऊण इंचाहून थोडं रुंद, म्हणजे सात अष्टमांश इंचाचं ब्रॉडहेड पुरतं. मी सव्वा इंचाचा मोह सोडला आणि आडवी पातीही डब्यात ठेवली. यंदा भात्यात सगळे बाण नुसत्या दोन पात्यांचे आहेत. पावसाच्या दिवशी मात्र मी जात नाही, कारण त्या मिटलेल्या चिरेवर माझ्याकडे तोड नाही.

डेट्रॉइटच्या उपनगरातला एक मराठी मुलगा दोन वर्षांपासून माझ्याबरोबर येतो. "काका, धार तुम्हीच लावून द्या ना," म्हणतो, आणि मी लावून देतो. पुण्याहून पाहुणे आले की भात्यातला बाण काढून हवेत धरलेला कागद चिरून दाखवतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हे जग लोकांच्या नजरेआड गेलं आहे. पाहुण्यांचे डोळे विस्फारतात आणि मला बरं वाटतं. त्या मुलाच्या हातात कानस द्यायला हवी, हे मला पटतं. त्याशिवाय तो शिकणार नाही. पण या भागात धार कुणाची, असं विचारलं तर लोक माझं नाव घेतात, आणि ५५ पाउंडांचं धनुष्य खाली ठेवल्यापासून अभिमान धरावा असं माझ्याकडे तेवढंच उरलं आहे.