रिलेचं टक्

जुन्नर-आंबेगावात कुकडीचं, डिंभ्याचं पाणी आलं, ऊस वाढला अन् उसात बिबट्याही राहायला आला. शेतीपंपाची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. ऑटोमुळं मोटार आपोआप चालू होते, पण दारं धरायला माणूसच लागतो.

रात्री रानात जाताना गाणी लावा, असं वनखात्याची माणसं सांगतात. म्हणून वस्तीवर जुना ॲम्प्लिफायर आणि कर्णा बसवला. आधी मोटारीच्याच लाइनवर जोडला होता. एका रात्री व्होल्टेज चढलं अन् तो जळाला. दुरुस्त केला, अन् नारायणगावातनं २३० व्होल्टचा रिले आणला. कॉइल शेतीच्या लाइनवर. ॲम्प्लिफायरची फेज घरच्या लाइनवरनं, रिलेच्या संपर्कातनं. दोन्ही लाइनी एकमेकींना कुठंच शिवत नाहीत, मेख तीच. शेतीची लाइट आली की टक्, आणि पेन ड्राइव्हवरचे अभंग सुरू. बिबट्या अभंगाला भितो असं मला वाटत नाही. पण हिला ओट्यावर बसून कळायचं, अभंग थांबला म्हणजे लाइट गेली, धनी परत निघाले.

एका रात्री दारं मोडत होतो. कर्णा गप्प झाला. थोड्या वेळानं उसाच्या कडेला बॅटरी हलली. ही, हातात विळा घेऊन, एकटी.

"कशाला आलीस अंधारात?" मी ओरडलोच.

"अभंग बंद अन् हौदात पाणी पडतंय. मग मी काय समजायचं?"

सकाळी रिले उघडला. संपर्कात मुंग्या चिरडलेल्या होत्या.