पायगुण

पवनी तालुक्यात आमच्या धानाच्या बांध्या. मी जन्मलो त्या वर्षी धान भरपूर झाला, म्हणून आजी मला पायगुणाचा म्हणायची. रोवणीला पऱ्ह्यांची पहिली मूठ माझ्याच हातून लागायची.

२००९ ला देशभर पावसाने दगा दिला. रोवलेले पऱ्हे डोळ्यांदेखत वाळले. बारा वर्षांचा मी रडलो, ‘‘माझा पायगुण संपला.’’

आजी म्हणाली, ‘‘पाऊस तुया हाती नवता बाबू. रोवणं होतं, ते तू केलं.’’

पुढच्या वर्षी बाबा काही बोलले नाहीत. आजीने मात्र पहिली मूठ पुन्हा माझ्याच हातात दिली.

आज पुण्यात रिलीजच्या रात्री टीममधले ‘गुड लक’ म्हणतात. मी हसतो आणि टेस्ट आणखी एकदा चालवतो.