द्राक्ष, बेदाणा आणि जावाचा क्लास

जावा शिकताना पहिल्याच दिवशी 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' हा मंत्र पाठ करायला लावतात. अर्थ म्हणे नंतर कळेल! तासगावचा माझा भाचा मराठी शाळेतून डिप्लोमाला गेला आणि या मंत्रापाशीच अडला. "मामा, हे आपलं काम न्हाई. मी बागच बघतो."

मग म्हटलं, बागेतूनच सुरुवात करू. क्लास म्हणजे 'द्राक्ष' ही नुसती कल्पना. रंग, मण्याची लांबी, गोडी हे तिचे गुण. ती खाता येत नाही. 'न्यू' म्हटलं की घड हातात येतो, तो ऑब्जेक्ट. 'बेदाणा कर' ही मेथड.

आता 'एक्स्टेंड्स'. तासगाव परिसरात निवडीतून पुढे आलेलं 'तास-ए-गणेश' हे वाण मूळचं थॉमसन सीडलेस. बी नसणं वारशानंच आलं, ते पुन्हा लिहायचं नाही. वेगळं असेल तेवढंच लिहायचं. "म्हंजे बिया न्हाईत हे वरच लिवलंय!" झालं, इनहेरिटन्स समजलं.

आणखी एक गंमत. १९९५ साली आलेल्या जावात युनिकोडमुळे क्लासचं नाव देवनागरीतही चालतं. कीवर्ड इंग्रजी, सेमीकोलन चुकवायचा नाही, फाइल युटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची. 'द्राक्ष' बिनतक्रार कंपाइल होतं.

नोकरीत नावं इंग्रजीच लागतील, ती सवयीनं येतात. पण सिंटॅक्स आणि परकी भाषा ही दोन ओझी एकदम डोक्यावर दिली, तर पोरं आपल्याला अक्कलच नाही असं समजून परत फिरतात. म्हणून पहिला क्लास तरी आपल्या शब्दांत लिहू द्यावा.