उरलेले खडे

आई तांदूळ निवडायला बसली की मी शेजारी बसून तिनं काढलेले खडे मोजत असे. पहिल्या फेरीत मूठभर, दुसरीत चार-पाच, तिसरीत एखादा. "आता किती राहिले ग?" असं विचारलं की ती म्हणे, "दिसले असते तर काढले नसते का?"

पुढं पोटासाठी मी संगणकाच्या प्रणालींमधल्या चुका शोधण्याचा धंदा पत्करला, आणि तोच प्रश्न साहेब मला विचारू लागले. या प्रश्नाला गणित आहे बरं का! गोएल आणि ओकुमोतो यांनी १९७९ साली मांडलेलं सूत्र आमच्याकडे चाले. सापडलेल्या चुकांची बेरीज रोज आलेखावर मांडायची. रेघ आधी भरभर चढते, मग वाकून एका उंचीकडे आडवी होत जाते. ती उंची म्हणजे एकूण चुका. एक चूक काढताना दुसरी जन्मत नाही, असंही हे सूत्र धरून चालतं. असं धरणाऱ्यानं आमच्या कचेरीत एक दिवस काढावा!

तेव्हा आम्ही एका इस्पितळासाठी औषधांचे डोस काढून देणारी प्रणाली तपासत होतो. दिवाळीच्या आठवड्यात माझी रेघ अशी सुरेख आडवी झाली, की साहेब खूश झाले. एकूण २१२, सापडलेल्या २०६. "झालं की! देऊन टाकू." मीही फुशारलो.

भाऊबिजेला बहिणीकडे पाटावर बसलो होतो. ती सहज म्हणाली, "बरी सुट्टी मिळाली रे तुला." आणि माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. नऊपैकी सातजण रजेवर होते! सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं, खडे निघणार कुठून?

जॉन म्युसा यांनी १९७५ सालीच बजावलं होतं, की दिवस मोजू नका, यंत्र प्रत्यक्ष किती वेळ चाललं ते मोजा. दुसऱ्या दिवशी मी तारखा खोडून तास मांडले. रेघ चढतच होती.

साहेब आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण तारीख पुढं गेली. उरलेल्यांत एक चूक अशी निघाली, की लहान मुलाचं वजन दुरुस्त केलं तरी डोस जुन्याच वजनाचा राही.

शेवटी प्रणाली दिली तेव्हाही सूत्र तीन चुका बाकी दाखवत होतं. मी सही केली. त्या इस्पितळावरून जाताना मी अजून मुलांच्या वॉर्डाच्या खिडक्यांकडे पाहतो.