आपण आणि आम्ही

दारात पाहुणा उभा आहे. घरातली बाई ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हणाली, तर तो आल्या पावली परत जातो. ‘आपण जेवायला बसू या’ म्हणाली, तर एक ताट वाढतं. हिंदीला दोन्हीकडे ‘हम’च लागतं, स्पॅनिशलाही एकच शब्द पुरतो. मराठीच्या या श्रीमंतीचं मला नेहमी अप्रूप वाटत आलंय. म्हणून ग्वारानी भाषेत ‘न्यांदे’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण आणि ‘ओरे’ म्हणजे त्याला वगळून आम्ही, हे वाचलं तेव्हा दूरदेशी कुणी नात्यातलं भेटावं तसं झालं. ही भाषा जिथे घराघरात बोलतात तो पॅराग्वे तेव्हापासून मला परका राहिलेला नाही.

ब्राझील, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया यांच्या बेचक्यातला हा देश महाराष्ट्राहून मोठा, आणि माणसं मात्र २०२२च्या जनगणनेत जेमतेम ६१ लाख. समुद्र नाही. पॅराग्वे नदीच देशाची वाट, आणि तीच त्याची मधली रेघ. पश्चिमेला चाको : काटेरी रानं, पाणथळी, भाजून काढणारं ऊन. देशाची साठ टक्के जमीन तिकडे, पण शंभरातली दोन-तीन माणसंच तिथे राहतात. पूर्वेला लाल माती, आणि हिवाळा सरता सरता गुलाबी फुलांनी डवरणारा ताजी नावाचा वृक्ष. विक्रोळीच्या महामार्गावर फुलणारी वसंतराणी याच कुळातली.

आणि मंडिओ! म्हणजे कसावा, ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तोच कंद. तिथे तो रोजच्या ताटात असतो. त्याच्याच पिठात चीज घालून भाजलेला ‘चिपा’ बायका टोपल्यांतून बसमध्ये चढून विकतात.

अमेरिका खंडात इतरत्र बहुतेक ठिकाणी मूळ भाषा मूळ रहिवाशांपुरत्या उरल्या. इथे गोऱ्या-मिश्र वंशाची माणसंही ग्वारानीत भांडतात, लाडात येतात, रडतात. याला कारण आया. स्पॅनिश बापांच्या घरात मुलं वाढवणाऱ्या बाया ग्वारानी होत्या. पुढे १८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी एकट्यानं लढताना देशातले बहुतेक कर्ते पुरुष गेले. १६ ऑगस्ट १८६९ला अकोस्ता न्यूच्या मैदानात पोरं लढायला उभी केली होती. पॅराग्वेत बालदिन त्याच तारखेला असतो. फुगे आणि खाऊ वाटायच्या दिवसाखाली असं काही पुरलेलं असावं, हे मनातून जात नाही. उरलेल्या बायकांनी शेतं कसली आणि मुलांना बोलायला शिकवलं. शाळेत मात्र पुढे कित्येक वर्षं ग्वारानी बोललं की शिक्षा व्हायची. स्पॅनिशच्या बरोबरीनं राजभाषेचा मान तिला १९९२च्या राज्यघटनेनं दिला.

‘न्यांदे’ कसा असतो ते तेरेरे पिताना दिसतं. शिंगाच्या पेल्यात येर्बा मातेची पानं, त्यावर ठेचलेल्या औषधी वनस्पतींचं गारेगार पाणी, आणि एकच धातूची नळी. एक जण पेला भरतो, तो एकेकाच्या हाती जातो, रिकामा होऊन परत येतो, पुन्हा भरतो. आभार मानायचे ते शेवटी. ‘धन्यवाद’ म्हटलं की तुम्हाला आता पुरे, पेला तुम्हाला ओलांडून पुढे जाणार. उष्ट्याचा विचार कुणी करत नाही.

‘ओरे’ मात्र जमिनीच्या कागदावर भेटतो. पूर्वेचं जंगल तुटलं आणि क्षितिजापर्यंत सोयाबीन आलं. ते बार्जवर लादून नदीनं खाली समुद्राकडे जातं, आणि देशाच्या निर्यातीत मोठा वाटा त्याचा. पण जमिनीची वाटणी इतकी विषम असलेले देश जगात थोडेच. मोठमोठी शेतं मूठभरांची, त्यातले बरेच सीमेपलीकडून आलेले. चार एकरांवर मंडिओ, मका लावणारा शेतकरी औषधाच्या फवाऱ्याच्या वाऱ्याला कंटाळून शहराची वाट धरतो.

विजेच्या वाटणीचंही तसंच. पाराना नदीवरच्या इताइपू धरणाची ताकद १४,००० मेगावॉट, कोयनेच्या सातपट. निम्मी वीज पॅराग्वेची. त्याला पुरून उरेल ती ब्राझीललाच द्यायची, असं १९७३च्या करारात लिहिलं गेलं, आणि वर्षानुवर्षं ती स्वस्तात गेली. इताइपू हे नावही ग्वारानीच : नाद करणारा दगड. तो दगड, आणि वरच्या अंगाचे ग्वाइरा धबधबे, सारं पाण्याखाली आहे.

शेत सुटलेली बरीच माणसं राजधानी असुन्सियॉनच्या नदीकाठच्या सखल वस्त्यांत येऊन राहतात. त्यांतली चाकारिता ही वस्ती संसद भवनाच्या पाठीमागेच उतरत जाते. नदी चढली की हीच माणसं पत्रे, फळ्या, गाद्या, कोंबड्या घेऊन वर येतात आणि शहरातल्या चौकांत, बागांत प्लायवुडच्या खोल्या उभारतात. कधी आठवडे, कधी महिने तिथेच चूल पेटते. मग पाणी ओसरतं, फळ्या सुट्या होतात, आणि सगळी पुन्हा खाली जातात.