लाल टोपीची सिरिंज

इन्सुलिनची बाटली हातात आली की नावाआधी मी तिच्यावरचा आकडा वाचते. आपल्याकडे एका मिलीमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या मिळतात, तशा १०० युनिटच्याही. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या: ४०ची लाल टोपीची, १००ची नारिंगी टोपीची. वॉर्डात ही जोडी जुळवायला आम्ही असतो. घरी कोण?

एका आजींना पहाटे कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा त्या घामाने चिंब होत्या, हाक मारली तर भलतंच बोलत होत्या. ग्लुकोमीटरवर साखर ३८. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर त्यांनी सुनेला ओळखलं. सून सारखी म्हणत होती, "सिस्टर, वीसच युनिट दिलं हो, एक रेघसुद्धा जास्त नाही." मला ते खरंच वाटलं. "जास्त दिलंत का?" असं विचारलं की नातेवाईक घाबरून गप्प होतात, हाती काही लागत नाही. मी म्हटलं, "ताई, घरून बाटली आणि सिरिंज मागवा. कसं भरता ते मला दाखवा."

मुलगा पिशवी घेऊन आला. आधी आजींना गढूळ दिसणारं मिश्र इन्सुलिन होतं, ४०चं. ते बदलून रात्री एकदाच घ्यायचं, पाण्यासारखं स्वच्छ ग्लार्जिन सुरू झालं होतं, १००चं. बाटली नवी, सिरिंजा जुन्याच पाकिटातल्या. सुनेने माझ्यासमोर अगदी २०च्या रेघेपर्यंत भरलं, बुडबुडाही काढला. लाल टोपीच्या सिरिंजवर २०ची रेघ म्हणजे अर्धा मिली. १००च्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे ५० युनिट. अडीचपट! तिचा हात कुठेच चुकला नव्हता. बाटली बदलली की सिरिंजही बदलायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला फार राग आला.

ग्लार्जिनचा अंमल जवळजवळ दिवसभर राहतो. साखर वर आली म्हणून लगेच घरी सोडणं धोक्याचं. डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू ठेवलं, तासातासाला साखर पाहिली. दुपारी ती पुन्हा उतरलीच.

डॉक्टरांनी डोस नव्याने ठरवला. डिस्चार्जच्या कागदावर युनिटचा आकडा होता. त्याखाली मी 'नारिंगी टोपी, १००ची सिरिंज' असं ठळक लिहिलं आणि सुनेकडून नव्या सिरिंजने दोनदा भरून घेतलं. आजींना अक्षरं दिसत नव्हती, रंग मात्र कळत होता, म्हणून टोपी त्यांनाही दाखवली. उरलेल्या लाल सिरिंजांचं पाकीट मुलाला विचारून वॉर्डातच ठेवून घेतलं. घरी कपाटात राहिलं असतं, तर एखाद्या रात्री घाईत तेच हाताला लागलं असतं.