फुप्फुसांतील हवा

नवजात अर्भकाचें प्रेत आडबाजूस सांपडलें म्हणजे न्यायालयाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूल जिवंत जन्मलें होतें काय? युरोपांत सतराव्या शतकाच्या अखेरीपासून याचें उत्तर पाण्याच्या भांड्यांत शोधूं लागले. फुप्फुसें तरंगलीं तर मुलानें श्वास घेतला. बुडालीं तर नाहीं. कित्येक आयांचें जीवित या परीक्षेवर अवलंबून असे. विल्यम हंटर या वैद्याचा अशा खुणांच्या अनिश्चिततेवरील निबंध १७८३ सालींच वाचला गेला. तरी परीक्षा चालूच राहिली. सोप्या उत्तराचा मोह न्यायासनासही सुटत नाहीं.

आतां प्रेतावर शस्त्र न चालवितां सीटी यंत्रानें आंतील चित्र घेतां येतें. अशीं चित्रें आम्ही ग्रंथांतून पाहिलीं आहेत. बरगड्या माशाच्या कांट्यांसारख्या बारीक. पाहवत नाहींत, पण पाहावीं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोंकाशीं अस्थिकेंद्र दिसलें तर मुलाचे दिवस भरत आले होते असें समजतें. हवा आहे कीं नाहीं एवढेंच नव्हे, ती कोठें कोठें आहे हेंही दिसतें. यकृतांत व रक्तवाहिन्यांतही वायु आढळला तर तो कुजण्यानें उत्पन्न झाला असावा असा संशय घ्यावा लागतो. पाण्याच्या भांड्याला हा विवेक नव्हता. परंतु मुलाला वांचविण्यासाठीं कोणी तोंडांत फुंकर घातली असेल, तर ती हवा आणि मुलाच्या स्वतःच्या श्वासाची हवा, दोन्ही चित्रांत सारख्याच काळ्या उमटतात. अशा वेळीं ‘निश्चित सांगतां येत नाहीं’ असें लिहून देणारा तज्ज्ञच आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो. वकिलांस मात्र तो आवडत नसावा.

१८८१ सालीं सुरतेंत विजयालक्ष्मी या तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली; पुढें ती सौम्य करण्यांत आली. त्या खळबळींतूनच १८८२ सालीं ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ निघाली. दोष सगळा स्त्रीच्याच माथीं कां, हा ताराबाईंचा प्रश्न. त्याचें उत्तर कोणत्याही यंत्राच्या चित्रांत उमटावयाचें नाहीं.

आणि कायदा तरी चित्राची वाट कोठें पाहतो? जन्म लपविण्याच्या हेतूनें अर्भकाचें प्रेत गुपचूप पुरणें वा टाकणें हा आजच्या भारतीय न्याय संहितेच्या ९४ व्या कलमानेंही अपराधच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मूल जन्मापूर्वीं मेलें, जन्मतांना मेलें कीं नंतर, याची त्या कलमास पर्वा नाहीं.